विजयदुर्गाचा हेलियम

आमच्या रत्नागिरीच्या वर्गांत दरवर्षीं एक उत्तर हमखास येतें. ‘हेलियमचा शोध कोठें लागला?’ असें विचारलें कीं, सारे हात वर होतात आणि ‘विजयदुर्गावर, १८ ऑगस्ट १८६८ रोजीं, लॉकियर साहेबांनीं लावला’ असें एका सुरांत सांगितलें जातें. हें उत्तर मुलांनीं आपल्या पदरचें दिलेलें नसतें. लेखांतून, भाषणांतून आणि अलीकडे किल्ल्यावर साजऱ्या होणाऱ्या हेलियम-दिनांतून तें त्यांच्यापर्यंत पोंचलेलें असतें. विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असला, तरी १८६८ सालीं तो आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होता. तेव्हां हें उत्तर चूक आहे असें म्हणण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

त्या दिवशीं, श्रावणी अमावास्येला, खग्रास ग्रहणाची छाया आमच्या किनाऱ्यापासून मछलीपट्टणपर्यंत हिंदुस्थान ओलांडून गेली, हें खरें. परंतु नॉर्मन लॉकियर तेव्हां हिंदुस्थानांत नव्हतेच. ते इंग्लंडांत होते. ज्यानें कोंकणचा श्रावण अनुभवला आहे त्याला एवढा तरी प्रश्न पडावयास हवा होता कीं, त्या पावसांत सूर्य पाहण्यासाठीं कोणता ज्योतिषी विजयदुर्गाची वाट धरील? फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूरास गेले. रॉयल सोसायटीच्या वतीनें लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस आले. घाट ओलांडूनही त्यांना ढगांनीं सतावलें. तरी ढगांच्या फटींतून त्यांनीं सौरज्वालांच्या वर्णपटांत तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा पाहिल्या. नारिंगी रेषा सोडियमची असावी, असा त्यांचा समज झाला. मराठी संस्थानांतून ती रेषा दिसली, हा आमच्या इतिहासांतला खराखुरा प्रसंग होय. पण त्याचा उत्सव कोणी करीत नाहीं.

मग विजयदुर्गावर दाखविले जाणारे ‘साहेबाचे ओटे’ कोणाचे? लॉकियर विजयदुर्गास आले होते, यांत शंका नाहीं. परंतु ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. तेव्हां पौषांतलें निरभ्र आकाश होतें आणि ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजावरील माणसें त्यांच्या मदतीस होतीं. ओटे कोणाशीं जोडावयाचेच झाले, तर ते या मुक्कामाशीं जोडावे. लोकांच्या आठवणींत दोन ग्रहणें एक झालीं, आणि मधलीं तीस वर्षें पुसलीं गेलीं. दुर्दैव असें कीं, त्याच तीस वर्षांत हेलियमचा खरा शोध घडला.

तो कसा घडला हें पाहण्याजोगें आहे. ग्रहण सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशीं जान्सेन यांनीं ग्रहणावांचूनही सौरज्वालांच्या रेषा पाहून दाखविल्या. लॉकियर यांनीं २० ऑक्टोबर रोजीं इंग्लंडांत स्वतंत्रपणें तेंच साधलें. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या अकादमीपुढें एकाच दिवशीं आलीं. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारीं असली, तरी त्यांच्याशीं जुळत नाहीं, हें लॉकियर यांनीं दाखविलें. फ्रँकलंड या रसायनज्ञाबरोबर त्यांनीं ती हायड्रोजनमध्यें शोधून पाहिली. तेथेंही ती मिळाली नाहीं. १८७१ सालीं विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांनीं एडिंबरोच्या सभेंत ‘हेलियम’ हें नांव जगापुढें ठेवलें. पुष्कळ रसायनज्ञांनीं मात्र मान हालविली नाहीं, आणि त्यांचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. जो पदार्थ कोणाच्या नळींत आला नाहीं तो केवळ एका रेषेच्या साक्षीवर कां मानावा? अमेरिकेंत हिलेब्रँड यांच्या हातीं तो वायु खरोखरच आला, पण त्यांनीं तो नायट्रोजन समजून सोडला. अखेर १८९५ सालीं लंडनमध्यें रॅम्से यांनीं युरेनियमच्या एका खनिजापासून तो मिळविला आणि पिवळ्या रेषेवरून तो ओळखला गेला. शोधाला असे सत्तावीस वर्षें लागलीं. विजयदुर्गच काय, कोणतीही एक जागा त्याची जन्मभूमि ठरत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. १८३५ सालीं काँत या फ्रेंच तत्त्वज्ञानें ताऱ्यांचें रासायनिक घटक माणसाला कधींच कळणार नाहींत, असें लिहून ठेवलें होतें. पंचवीस वर्षांच्या आंत किर्खोफ आणि बुन्सेन यांनीं वर्णपटाच्या साह्यानें तें वचन निकालांत काढलें. मूलद्रव्यें अक्षय आहेत, हें शाळेंतलें सूत्र होतें. १९०३ सालीं रॅम्से आणि सॉडी यांनीं रेडियमपासून हेलियम निघतांना पाहिला, आणि तें सूत्र संपलें. केल्व्हिन यांच्या मतें सूर्याची उष्णता त्याच्या आकुंचनांतून निघत होती, आणि म्हणून त्याचें वय कांहीं कोटी वर्षांपलीकडे नेतां येत नव्हतें. १९३८-३९ च्या सुमारास बेथे प्रभृतींनीं दाखविलें कीं, हायड्रोजनचा हेलियम होतांना जी शक्ति सुटते तीच सूर्याची उष्णता. ज्या केल्व्हिननीं हेलियमचें नांव जगास सांगितलें, त्यांच्या सिद्धांताचें उत्तर त्याच नांवांत दडलें होतें!

आमच्या एका सहकाऱ्यांनीं मला विचारलें, ‘प्रोफेसरसाहेब, मुलांना या कथेनें स्फूर्ति मिळते, तर तुमचें काय बिघडतें?’ बिघडतें तें असें: या कथेंत साहेब येतो, ओट्यावर दुर्बीण मांडतो आणि पांच मिनिटांत मूलद्रव्य सांपडतें. अशी स्फूर्ति मिळालेला मुलगा प्रयोगशाळेंत तिसऱ्या दिवशीं कंटाळतो. कारण संशय, मोजमाप आणि फसलेले प्रयत्न हे विज्ञानाचेच भाग आहेत, असें त्याला कोणीं सांगितलेलेंच नसतें. शिवाय, हर्शेल आणि हिलेब्रँड यांच्यासारख्यांच्या चुका ज्या शास्त्रानें प्रांजळपणें नोंदल्या, त्याचाच गौरव एका असत्यानें करणें हा कोणता न्याय?

कान्होजी आणि तुळाजी आंग्र्यांच्या किल्ल्याला उसन्या मोठेपणाची गरज नाहीं. विजयदुर्गावर उत्सव अवश्य व्हावा. पण तो २२ जानेवारीस व्हावा, आणि १८९८ चें ग्रहण येथें कसें टिपलें गेलें तें मुलांना दाखवावें. श्रावणांतला दिवस पाळावयाचाच असेल तर वर्गांत एक वर्णपटदर्शक मांडावा, ज्योतींत चिमूटभर मीठ टाकावें, आणि सोडियमच्या त्या दोन रेषा प्रत्येक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं द्याव्या. तिसरी रेषा त्यांच्या शेजारीं असूनही त्यांची नव्हती, हें ओळखण्यांत केवढी दृष्टि लागली असेल, तें मग त्याला सांगावें लागणार नाहीं.