दोन कान, दोन पडदे आणि खोक्यावरचा ७.१

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा बेंगळुरूचा एस. पी. रोड, संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत हेडफोनच्या खोक्यांवर ‘७.१ सराउंड’ ही अक्षरे ठळकपणे मिरवत असतात. शेजारचा साधा स्टिरिओ हेडफोन त्यांच्यापुढे दरिद्री वाटू लागतो. जेवणाखाण्यात काटकसर करून स्वतःचा संगणक स्वतः जुळवणारा विद्यार्थी त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो. परंतु माणसाला कान दोनच आहेत. दोन कानांनी साऱ्या दिशा ऐकू येत असतील, तर सात वाहिन्यांची गरज नेमकी कोठे पडते? याचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही. ते ध्वनिशास्त्रात आणि श्रवणाच्या मानसशास्त्रात मिळते.

या दोन्ही शास्त्रांचा संगम म्हैसूरला नवा नाही. १९३५ मध्ये म्हैसुरात खासगी नभोवाणी केंद्र सुरू करून त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव देणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे याच शहरात, मानसगंगोत्रीच्या परिसरात, अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था उभी राहिली. ‘आईश’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था गेली अनेक दशके वाचा आणि श्रवण यांच्या संशोधनाचे देशातील प्रमुख केंद्र आहे. हेडफोनमधून आभासी दिशा निर्माण करून श्रोत्याचे दिशाज्ञान तपासणे आणि सरावाने त्यात होणारे बदल मोजणे, असे प्रयोग तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे खोक्यावरच्या दाव्याची शास्त्रीय बाजू याच देशात अभ्यासली जात आहे. विद्यार्थ्यांपर्यंत मात्र ती क्वचितच पोहोचते.

मूळ तत्त्व असे आहे. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हे अंतर जास्तीत जास्त सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असते. तरीही अनुकूल परिस्थितीत मेंदू एका सेकंदाच्या एक लक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही ओळखू शकतो. शिवाय उच्च वारंवारतेच्या ध्वनीला डोके अडवते आणि पलीकडच्या कानावर ध्वनीची सावली पडते. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलेला सिद्धान्त हाच : सुमारे १,५०० हर्ट्झच्या खाली वेळेचा फरक उपयोगी पडतो आणि त्यावर तीव्रतेचा.

परंतु एवढ्याने समोर आणि मागे, वर आणि खाली हे भेद कळत नाहीत. थेट समोरून आणि थेट पाठीमागून येणारा ध्वनी दोन्ही कानांना एकाच वेळी गाठतो. येथे बाह्यकर्णाच्या वळ्या कामाला येतात. ५,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास कानाच्या पाळीएवढी असते. त्यामुळे दिशेनुसार काही वारंवारता उठावदार होतात आणि काही दबतात. हा ठसा प्रत्येक माणसाच्या कानांगणिक वेगळा असतो. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी काही व्यक्तींच्या कानांत छोटे साचे बसवून त्यांचा आकार बदलला, तेव्हा त्यांना वर-खाली ओळखता येईना. काही आठवड्यांत मेंदूने नवे कान शिकून घेतले आणि साचे काढल्यावर जुन्या कानांचे ज्ञानही शाबूत होते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कानाच्या पडद्यापाशी पोहोचणारे दोन ध्वनी अचूक निर्माण करता आले, तर दोन वाहिन्या पुरतात. १९८९ मध्ये अमेरिकेतील वाइटमन आणि किस्टलर यांनी श्रोत्यांच्या स्वतःच्या कानांत सूक्ष्म ध्वनिग्राहक ठेवून मोजमापे घेतली आणि त्यांनुसार संस्कारित ध्वनी साध्या हेडफोनमधून ऐकवले. श्रोत्यांनी सांगितलेल्या दिशा खऱ्या ध्वनिवर्धकांच्या प्रयोगातील दिशांशी बहुतांशी जुळल्या. तेव्हा स्टिरिओ हेडफोन हे काही अपुरे साधन नव्हे. त्याच्यात कमी असते ती श्रोत्याच्या कानांची माहिती.

बाजारातील ‘सराउंड’ दोन प्रकारचा आहे. काही हेडफोनांत प्रत्येक कानाशी तीन-चार छोटे पडदे बसवलेले असतात. खोलीत उजवीकडे ठेवलेल्या ध्वनिवर्धकाचा आवाज डाव्या कानालाही, उशिरा आणि मंद होऊन, पोहोचतो. उजव्या कपात कोंडलेला पडदा हे काम करू शकत नाही, आणि दिशाज्ञानाचा अर्धा पाया तेथेच निसटतो. शिवाय तेवढ्याच जागेत अनेक पडदे बसवायचे तर प्रत्येक लहान करावा लागतो. दुसरा प्रकार आभासी सराउंडचा. त्यात पडदे दोनच असतात आणि सात वाहिन्यांचे रूपांतर दोन वाहिन्यांत करण्याचे काम सॉफ्टवेअर करते. ही कल्पना शास्त्रशुद्ध आहे. पण त्यात सामान्यतः वापरलेले कान श्रोत्याचे नसतात. ते दुसऱ्या कुणाचे तरी किंवा एखाद्या पुतळ्याचे असतात. ध्वनिसंशोधनात १९७० च्या दशकापासून वापरला जाणारा ‘केमार’ हा पुतळा सरासरी अमेरिकी प्रौढाच्या मापांवर बेतलेला आहे. परक्या कानांनी ऐकले की समोरचे मागे आणि मागचे समोर वाटण्याचे प्रमाण वाढते, हे १९९३ पर्यंत प्रयोगांनी दाखवून दिले होते. त्यात खऱ्या जगात मान किंचित वळवून माणूस संभ्रम दूर करतो. साध्या हेडफोनमध्ये मानेबरोबर सारे ध्वनिविश्वच वळते.

आभासी सराउंड सर्वथा निरुपयोगी आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सराउंडसाठी ध्वनिमुद्रित केलेला चित्रपट हेडफोनवर पाहताना त्याचा लाभ होऊ शकतो. ज्याचे कान त्या सरासरी मापाच्या जवळचे आहेत, त्याला तो अधिक होईल. परंतु ज्या खेळात दिशांचे गणित आधीच केलेले असते, त्यावर हेडफोनचे सॉफ्टवेअर पुन्हा तेच गणित लादते, तेव्हा दोन संस्कारांची सरमिसळ होऊन दिशा अस्पष्ट होते. दोन वाहिन्यांसाठी रचलेल्या संगीताला तर त्याची गरजच नसते. म्हणून ‘सराउंड की स्टिरिओ’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. चांगला स्टिरिओ हेडफोन घ्यावा आणि सराउंड लागेल तेव्हा सॉफ्टवेअरने चालू करून पाहावा, हा मार्ग अधिक स्वस्त आणि अधिक शास्त्रीय आहे.

आता संगणकाच्या कॅबिनेटकडे वळावे. संगणक सजवण्याचा छंद बहुधा दिव्यांच्या रंगांत आणि काचेच्या झडपांत अडकतो. समोरची बाजू काचेने बंद केली की हवा आत शिरत नाही, भाग तापतात आणि पंखे जोरात फिरतात. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने वाढतो. तेच एकाऐवजी दोन समान पंखे लावल्यास वाढ केवळ ३ डेसिबलची असते. म्हणजे पूर्ण वेगाने फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन पंखे लावले, तर साधारण तेवढीच हवा सुमारे १२ डेसिबल कमी आवाजात मिळू शकते. हवेला मोकळी वाट, मोठे आणि संथ पंखे, स्क्रूखाली रबराच्या चकत्या, वेळच्या वेळी झाडलेली धूळ : श्रवणाच्या दृष्टीने हे बदल कोणत्याही रंगीत पट्टीपेक्षा मोलाचे आहेत.

कारण पंख्याची घरघर केवळ त्रासदायक नसते. मागून येणारी हलकी पावले आणि कर्णपाळीने उमटवलेले सूक्ष्म ठसे तिच्यात बुडतात. उघड्या पाठीचा हेडफोन वापरणारा मग आवाज वाढवतो, आणि येथे प्रश्न पैशांचा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ही श्रवणाची सुरक्षित मर्यादा मानली आहे. दर ३ डेसिबलांच्या वाढीला हा काळ निम्मा होतो. घरघरीवर मात करण्यासाठी आवाज ८० वरून ९२ डेसिबलवर नेला, तर ४० तासांचे अडीच तास उरतात. एका रात्रीच्या खेळात आठवड्याची शिधा संपते.

याहून विपर्यास पुढे आहे. मोठ्या आवाजाने होणारी श्रवणहानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते आणि अंतःकर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. वर-खाली आणि पुढे-मागे सांगणारे संकेत प्रामुख्याने याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असतात. सात दिशांच्या हव्यासापायी मोठ्या आवाजात ऐकणारा तरुण, ज्या शक्तीने दिशा कळतात, तीच शक्ती झिजवत असतो.

तेव्हा मागणी वाहिन्यांच्या आकड्याची नको, माहितीची हवी. हेडफोनच्या खोक्यावर त्याच्यातील पडदे किती, सराउंड आभासी आहे काय, तो कोणाच्या कानांच्या मोजमापांवर बेतला आहे आणि कमाल आवाज किती, हे छापणे बंधनकारक व्हावे. म्हैसूरची आईश आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांसारख्या संस्थांतील ज्ञान मराठीसह भारतीय भाषांत महाविद्यालयांपर्यंत यावे. भारतीय कानांच्या मोजमापांचा मोठा आणि सर्वांना खुला संग्रह उभा राहावा. आणि विद्यार्थ्यांनी तोवर एक सोपा प्रयोग करावा : मित्राने सराउंड कधी चालू, कधी बंद ठेवावा, ऐकणाऱ्याने डोळे मिटून दिशा सांगावी, उत्तरे वहीत नोंदवावीत. दोन्ही आवाजांची पातळी मात्र सारखी हवी, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला भासतो. वीस-तीस नोंदींनंतर वही जे सांगेल, ते खोक्यावरील कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.