कंट्रोल की कुणाच्या खिशात?

हॉस्टेलवर एक वर्ष काढलेल्या माणसाला हॅक्सॉचा आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. रात्री अकरा-साडेअकराला कॉरिडॉरच्या टोकाला कर्र-कर्र सुरू झालं की समजायचं, कुणाची तरी किल्ली हरवली, नाहीतर पार्टनर किल्ली खिशात घालून गावाला पळाला. वॉचमनकाका ब्लेड आणून देतात, आजूबाजूचे दहाजण सल्ले देतात, एकजण खरोखर कापतो. सकाळी गेटसमोरच्या दुकानातून नवं कुलूप येतं, प्रत्येकाची एक किल्ली. जुनं कुलूप कडी तुटलेल्या अवस्थेत खिडकीत पडून राहतं. आमच्या विंगमध्ये गेल्या वर्षी अशी सात कुलपं मी मोजली. सातही कुलपांची बॉडी धडधाकट होती. कोड बिनकामाचा झाला म्हणून अर्धा किलोचं लोखंड भंगारात!

तर मंडळी, याच सात कुलपांतून आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट निघाला. गाभा बदलता येणारं कुलूप. बॉडी आणि कडी तीच ठेवायची, फक्त आतला कोअर काढून दुसरा बसवायचा, की जुन्या सगळ्या किल्ल्या बाद. आमच्या गाईड सरांना कल्पना आवडली, आणि (हे जास्त आश्चर्याचं) ऑफिसलाही आवडली. पुढच्या वर्षीपासून सगळ्या खोल्यांना कॉलेजतर्फे अशीच कुलपं द्यावीत का, असा विषय हॉस्टेल कमिटीसमोर आहे. त्याबद्दलच मला लिहायचंय. कारण प्रोजेक्ट सुरू करताना माझं जे मत होतं ते आता राहिलेलं नाही, आणि आमच्या ग्रुपमधले बाकीचे तिघं माझ्यावर त्यामुळे थोडे चिडून आहेत.

आधी यंत्र समजून घेऊ. दुसऱ्या ब्रँचवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नये.

आपण वापरतो ती बरीचशी जाड कुलपं लीव्हरची असतात आणि बॉडी रिव्हेट मारून बंद केलेली असते. ती उघडून आत काही बदलायची सोयच नसते. पिनच्या कुलपाचं तसं नाही. अमेरिकेतल्या लिनस येल ज्युनियरने १८६० च्या दशकात रूढ केलेल्या रचनेत एक गोल प्लग असतो, त्यात ओळीने भोकं, भोकांत स्प्रिंगने दाबलेल्या दोन-दोन तुकड्यांच्या पिना. बरोबर किल्ली घातली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि प्लग फिरतो. १९२० च्या सुमारास सिअॅटलच्या शाळांत इमारतींची देखभाल करणाऱ्या फ्रँक बेस्ट नावाच्या माणसाने यात एक भर घातली. शाळेच्या किल्ल्यांचे जुडगे सांभाळून तो कंटाळला असणार! त्याने पिनांमध्ये आणखी एक तुकडा टाकून दुसरी रेषा तयार केली. नेहमीची किल्ली पहिल्या रेषेवर काम करते आणि कुलूप उघडते. दुसरी एक खास किल्ली त्याच पिनांना वरच्या रेषेवर आणते. मग प्लगसोबत त्याच्याभोवतीची बाही जेमतेम १५ अंश फिरते, गाभ्याला अडकवून ठेवणारा दात आत जातो आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसणारा अख्खा गाभा हातात येतो. या खास किल्लीचं नाव कंट्रोल की. दहा सेकंदांत जुना गाभा बाहेर, नवा आत.

आपल्याकडेही ही भूक जुनीच आहे. आर्देशिर गोदरेज वकिली सोडून १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं करायला बसले. त्यांच्या सुरुवातीच्या कुलपांत 'गॉर्डियन' नावाचं एक होतं. त्याला दोन किल्ल्या. दोन्हींनी कुलूप उघडायचं आणि लागायचं, पण त्यातली एक किल्ली आतली रचनाच बदलू शकायची. बदलली की दुसरी किल्ली निकामी. म्हणजे गाभा न काढताच कोड बदलायचा! मुनीम नोकरी सोडून गेला तर त्याच्यामागे किल्लीसाठी धावत बसायला नको. मला हे वाचून इतका आनंद झाला की पहिल्या सेमिनारमध्ये मी पाच मिनिटं गॉर्डियनवरच घालवली आणि टॉलरन्सवरचे प्रश्न आल्यावर गप्प झालो.

टॉलरन्सचं सांगतो, कारण आमचे दोन महिने तिथेच गेले. किल्लीच्या एका पायरीपासून दुसऱ्या पायरीतला फरक बेस्टच्या प्रकारच्या गाभ्यात ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतो. आम्ही जरा सवलत घेऊन ०.४ ठेवला. पितळेचा प्लग लेथवर काढला, पिनांची भोकं ड्रिल मशीनवर पाडली, आणि ड्रिल जरासं भरकटलं. शिवाय प्लग त्याच्या भोकात ढिला बसला. परिणाम असा की पहिल्या गाभ्याची किल्ली तर कुलूप उघडायचीच, पण एका पायरीने चुकलेली शेजारची किल्लीही खुशाल उघडायची. वर्कशॉपचे सर म्हणाले, "छान, रूम पार्टनरसाठी सोय केलीत." मग रीमर फिरवला, प्लग नवा केला, पिना एकेक घासल्या. चौथा गाभा बऱ्यापैकी जमला. पाचवी पिन अजून अधूनमधून अडकते.

डिसेंबरच्या सुट्टीत हे कुलूप घेऊन मी गावी गेलो. माझं गाव इनामगाव, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. पुरातत्त्ववाल्यांना ते चांगलं माहीत आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्यात पाच खोल्यांचं एक मोठं घर आहे आणि त्याला लागून धान्याचं कोठार. एवढ्यावरून ते गावप्रमुखाचं घर असावं असं अभ्यासक मानतात. लहानपणी शाळेच्या सहलीत हे ऐकलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, कोठार ज्याच्या दाराशी, गावात शब्द त्याचा.

पण मी सांगत होतो ते आमच्या मोटारीच्या खोलीचं. नदीवर आमची चार घरांची सामाईक मोटार आहे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पूर्वी खोलीला एकच कुलूप होतं आणि चार किल्ल्या. मी दहावीत असताना खोलीतून स्टार्टर आणि केबल गेली. कुलूप तुटलेलं नव्हतं. म्हणजे किल्लीवाल्यांपैकी कुणीतरी, किंवा किल्लीवाल्याच्या ओळखीतलं कुणीतरी. कोण ते आजतागायत कळलं नाही, पण दोन वर्षं चार घरांत बोलणं बंद होतं. लग्नाच्या पत्रिका पोरांच्या हातून पाठवायचे, स्वतः जायचे नाहीत. स्टार्टर एका आठवड्यात नवा आला होता.

त्यानंतर तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, दाराला साखळी लावली आणि त्या साखळीत चार कुलपं एकात एक अडकवली. प्रत्येकाचं आपलं कुलूप, आपली किल्ली. चारातलं कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. डिजिटलच्या भाषेत चार इनपुटचं ऑर गेट! वाटा विकला गेला की त्याचं कुलूप काढायचं, नव्या माणसाने आपलं अडकवायचं. बाकी तिघांना हात लावायचा नाही. आम्ही सहा महिने जे डिझाईन करत होतो त्यातलं निम्मं काम तात्यांनी बाजारच्या कुलपांत केलं होतं.

साखळीचे तोटेही आहेत, तात्यांना ते पाठ आहेत. चारातलं सर्वांत हलकं कुलूप जेवढं मजबूत, तेवढीच खोली मजबूत. आणि घाईत कुणी आपलं कुलूप शेजारच्याच्या कुलपाला वगळून पुढच्या कडीत अडकवलं, तर तो शेजारी बाहेर! मग पहाटे लाईट आली की शिव्या. म्हणून मी आमचं कुलूप त्यांच्यासमोर ठेवलं आणि कंट्रोल कीने गाभा काढून दाखवला. एकच चांगलं दणकट कुलूप, चार किल्ल्या, वाटेकरी बदलला की गाभा बदला.

तात्यांनी कुलूप हातात घेऊन फिरवून बघितलं. मग विचारलं, "लागलेल्या कुलपातनं बी निघतंय का हे आतलं?"

"निघतं की. तीच तर गंमत आहे."

"मग ही मोठी किल्ली कुणाकडं ऱ्हाणार?"

मी म्हणालो, तुमच्याकडे राहील. ते म्हणाले, "माझ्याकडं नगं. उद्या काय गेलं तर पयलं माझंच नाव."

सेमिनारमध्ये आम्हाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आता हॉस्टेलकडे येतो. कमिटीपुढचा प्रस्ताव कंट्रोल कीच्या कुलपाचा आहे आणि ती की रेक्टर ऑफिसमध्ये राहणार आहे. शिवाय 'एक मास्टर कीसुद्धा असू द्या, इमर्जन्सीला बरी' अशी सूचना आली आहे. मास्टर कीचं आधी निकालात काढू. आमच्या गाभ्यात ५ पिना, ५ उंच्या, म्हणजे कागदावर ३१२५ किल्ल्या. मास्टरसाठी प्रत्येक भोकात एकेक तुकडा वाढवला की प्रत्येक पिन दोन उंच्यांना चालते, आणि तेच कुलूप एका किल्लीऐवजी ३२ किल्ल्यांना उघडतं. त्याहून वाईट गोष्ट २००३ मध्ये मॅट ब्लेझ या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकाने प्रबंध लिहून दाखवली. एका खोलीची साधी किल्ली आणि तेच कुलूप ज्याच्या हाताशी आहे, तो माणूस काही कोऱ्या किल्ल्यांवर पूर्ण इमारतीची मास्टर की शोधू शकतो. आमच्या हिशोबात त्याला ३१२५ नव्हे, फार तर २० प्रयत्न पुरतील. कुलूपवाल्या कारागिरांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. २४० खोल्यांच्या हॉस्टेलात प्रत्येकाकडे एक किल्ली आणि एक कुलूप असतंच. वर्कशॉपही आहे. पुढचं तुम्हीच समजा.

कंट्रोल की मास्टर कीइतकी ढिली नाही, पण तिचा अधिकार मोठा आहे. लागलेल्या कुलपातून गाभा निघाला की आमच्या डिझाईनमध्ये उरलेली यंत्रणा साध्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरते, दार उघडतं. परत गाभा बसवला की कुठे ओरखडाही नाही. आज रेक्टर सरांना आमची खोली उघडायची असेल तर कुलूप कापावं लागतं, आणि ते सगळ्या विंगला ऐकू येतं. हा आवाज मला आता पूर्वीसारखा वैतागाचा वाटत नाही. मी कुणावर संशय घेत नाहीये, आमचे रेक्टर सर चांगले आहेत. पण उद्या एखाद्याचा लॅपटॉप गेला तर पहिलं नाव कुणाचं येईल? ऑफिसात किल्ल्यांच्या कपाटाशेजारी बसणाऱ्या शिपाईमामांचं. त्यांच्या गळ्यात हे लोढणं कशाला?

दुसरा एक पर्याय आहे आणि तो बाजारात जुना आहे. गाभा एका स्क्रूने बॉडीत बसवायचा, आणि तो स्क्रू कडीच्या भोकातून आतवर ठेवायचा. कडी उघडी असेल तेव्हाच स्क्रू दिसतो. म्हणजे गाभा तोच बदलू शकतो ज्याच्याकडे चालू किल्ली आहे. कंट्रोल की नाहीच. आमच्या ग्रुपचा आक्षेप असा की मग किल्ली हरवली तर पुन्हा हॅक्सॉ आलाच. मान्य. पण कडी बदलता येईल अशी केली तर कापायची फक्त कडी. बॉडी वाचते, गाभाही नव्या किल्लीसाठी पिना बदलून वापरता येतो. कडीचा तुकडा म्हणजे लेथवरचं किरकोळ काम.

म्हणून कमिटीला माझं म्हणणं असं की खोल्यांना स्क्रूवालं कुलूप द्या, वर्षाच्या सुरुवातीला गाभा खोलीतल्या मुलांच्या ताब्यात, वर्ष संपलं की उघड्या कुलपासकट परत. आणि कंट्रोल कीवालं कुलूप मेसच्या स्टोअरला, लॅबला, जिमखान्याच्या कपाटाला जरूर लावा. तिथे माणसं दरवर्षी बदलतात, वस्तू संस्थेची असते, कुणाची वही-डायरी आत नसते. तिथेही ती की एका खिशात नको. देवळाच्या दानपेटीला दोन विश्वस्तांची दोन कुलपं असतात, बँकेच्या लॉकरला आपली किल्ली आणि बँकेची किल्ली दोन्ही लागतात. तशी एक छोटी पेटी करा, एक किल्ली रेक्टर सरांकडे, एक मेस सेक्रेटरीकडे. पेटी बनवून द्यायची जबाबदारी माझी.

एक अडचण मला सुटलेली नाही, ती लपवत नाही. रात्री कुणी आतून बंद खोलीत आजारी पडलं, तर? पण बाहेरचं कुलूप तेव्हा लागलेलंच नसतं, आतली कडी असते, आणि तिला कंट्रोल कीचा उपयोग शून्य. तिथे दारच तोडावं लागतं. त्यासाठी आतल्या कड्या बाहेरून उघडता येतील अशा करण्याचा खर्च वेगळा. कमिटीने खरं तर आधी तो विषय घ्यावा असं मला वाटतं.

दोन्ही नमुने वर्कशॉपच्या टूल रूममध्ये ठेवले आहेत, कंट्रोल कीवाला आणि स्क्रूवाला. मीटिंगच्या आधी येऊन हाताळून बघा. कंट्रोल की टूल रूमच्या मामांकडे मागू नका, त्यांनी ती ठेवून घ्यायला साफ नकार दिलाय. सध्या माझ्या कंपासपेटीत आहे.