सोवळे, मंत्रचळ आणि सोबत

आपल्या घरांतून एखाद्या बाईची फार स्तुती करायची झाली, तर ‘तिचे सोवळे मोठे कडक हो!’ असे म्हणण्याची रीत होती. लष्करातल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या मंडळींना हे वाक्य परके नाही. मीही ते ऐकतच मोठा झालो. वडील दरबारात गाणारे. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, गाणे शिकवून पोट भरतो. त्या स्तुतीमागे कधी कधी एक आजार दडून बसलेला असतो, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळले. आणि तेही ज्या बाईंशी माझे लग्न ठरले आहे, त्यांच्यामुळे. हे लिहितो आहे ते त्यांच्या संमतीने.

आमची ओळख होऊन दोन वर्षे झाली. संध्याकाळी फूलबागेत बाकावर बसावे, गप्पा व्हाव्यात, आणि उठताना त्यांनी विचारावे, “बाकाला काही लागलेले नव्हते ना?” मी म्हणे, “नव्हते.” बैजाताल येईपर्यंत तोच प्रश्न चार वेळा. रात्री दूरध्वनीवर पुन्हा तोच. उन्हाळ्यात तिघऱ्याचे पाणी एक दिवसाआड येई, घरची माणसे तांब्या-तांब्या जपून वापरीत, तेव्हा यांना नुसते हात धुवायला दोन बादल्या लागत. हातांची सालपटे निघत. त्या रडत रडत धूत. कारण हात स्वच्छ आहेत हे त्यांनाही ठाऊक असे. कळते, पण थांबता येत नाही, हेच या दुखण्याचे क्रौर्य.

मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, भीती दाटते, ती शमवण्यासाठी एखादी कृती करावी लागते. घटकाभर बरे वाटते आणि विचार पुन्हा परततो. कुणाला धुण्याचा ध्यास, कुणाला कडी-कुलूप तपासण्याचा, कुणाला मोजण्याचा. कुणाच्या मनात देवापुढे उभे असता अभद्र विचार येतात आणि तो सज्जन माणूस जन्मभर स्वतःला पापी समजतो. शंभरांत एक-दोघांना तरी आयुष्यात केव्हातरी हा आजार गाठतो. दोष सोवळ्याचा नव्हे. सोवळ्याला शेवट असतो : स्नान झाले, पूजा झाली, नैवेद्य दाखवला, मन निवांत झाले. मंत्रचळाला शेवट नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती प्रेमाने होते आणि घरोघर होते. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत असे. बसण्यापूर्वी बाक पुसून ठेवत असे, खिशात साबणाची वडी बाळगत असे. मला वाटे, हीच सोबत. त्यांच्या डॉक्टरांनी एके दिवशी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, “तुम्ही उत्तर देता तेव्हा यांचे नव्हे, त्या शंकेचे पोट भरता.” १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने असे रुग्ण बरे होऊ शकतात हे दाखवून दिले. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि मग धुवायचे नाही. भीती चढते, आणि काही न करता आपोआप ओसरते. आजचे उपचार याच पायावर उभे आहेत. जोडीला औषधे असतात. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात.

मला हे पटले ते तंबोऱ्यामुळे. शिकाऊ मुलगा कधी कधी खुंट्याच पिळत बसतो. तार लागली तरी त्याला लागलीशी वाटत नाही. वडील थोडा वेळ वाट पाहत आणि म्हणत, “लागला तेवढा पुरे. आता सा लाव.” बेसूर चालेल असे त्यांना म्हणायचे नसे. गायला लागल्यावाचून ती शंका जात नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा आम्ही दोघांनी डॉक्टरांसमोर बसून एक वाक्य ठरवले. त्यांनी विचारले की मी एवढेच म्हणायचे, “याचे उत्तर द्यायचे नाही असे आपले ठरले आहे, मी इथेच बसलो आहे.” पहिल्या दिवशी त्या पाऊण तास बोलल्या नाहीत. उत्तर द्यायला माझी जीभ शिवशिवत होती. मी बोललो नाही आणि उठूनही गेलो नाही. मात्र हे दोघांच्या संमतीनेच करावे. रुग्णाला न विचारता नळ बंद करणे किंवा चारचौघांत टोमणे मारणे, हा उपचार नव्हे, छळ आहे.

आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “बाळ, एवढी वर्षे थांबलास ते याकरिता का रे?” त्यांच्याकडील वडीलधाऱ्यांचा सल्ला होता की लग्न होईपर्यंत वाच्यता करू नये. त्यांनी मात्र तिसऱ्याच भेटीत मला सारे सांगितले. पत्रिका जुळवताना मंगळ सांगायचा आणि मंत्रचळ लपवायचा, ही आपली रीत मला मान्य नाही. जे लपवावे लागते त्याच्यावर उपचार होत नाहीत. कायद्याची भीती घालणारेही भेटले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ सालचा राम नारायण गुप्ता खटल्यातील निकाल वाचावा : नुसता मनोविकार आहे एवढ्याने विवाह मोडता येत नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते.

आपल्या शहरात १९३५ पासून मानसिक आरोग्यशाला आहे. तिचे नाव आपण थट्टेपुरते घेतो, ही सवय आता टाकावी. १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

आजार समूळ जाईल असे वचन डॉक्टरांनी दिलेले नाही, आणि मी मागितलेले नाही. हल्ली हात धुवायला एक बादली पुरते. गेल्या आठवड्यात बैजातालपर्यंत त्यांनी एकदाच विचारले. आपल्याही घरात एखादी काकू, एखादा भाचा मोरीत तासन् तास अडकत असेल, तर त्यांच्या सोवळ्याची स्तुती करू नका आणि थट्टाही करू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहा.