एकतीस हजार पौंड आणि मास्तरकी



आपल्याकडे गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मुलगी काय करते सध्या?" मेडिसिन, डेंटिस्ट्री, फार्मसी किंवा एखादी बँक असे उत्तर आले की समोरचे चेहरे खुलतात. "केमिस्ट्रीची डिग्री झाली, आता शाळेत शिकवायचे ट्रेनिंग घेते आहे," असे उत्तर आले तर क्षणभर शांतता, आणि मग सांत्वनाच्या सुरात, "असू दे, पुढे बघता येईल काहीतरी." गुरुपौर्णिमेला फोटोला हार घालणारे आपण, पण आपल्याच घरात कोणी शिक्षक व्हायचे म्हटले की आपल्याला काळजी वाटते.

इथले सरकार मात्र ह्याच मुलीला पैसे देऊन बोलावते आहे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ह्या वर्षासाठी केमिस्ट्री, फिजिक्स, गणित आणि कॉम्प्युटिंग ह्या विषयांचे शिक्षक होऊ पाहणाऱ्या पदवीधरांना एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी २९,००० पौंडांची बर्सरी जाहीर झाली. निवडक उमेदवारांसाठी त्याहून वरची ३१,००० पौंडांची स्कॉलरशिप होती. तिची निवड त्या त्या विषयाच्या संस्था करतात : केमिस्ट्रीसाठी रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री, फिजिक्ससाठी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स. ही रक्कम परत करायची नसते, तिच्यावर कर नाही, आणि 'पुढे अमुक वर्षे शिकवलेच पाहिजे' असा बाँडही नाही. वेल्समध्ये अशाच विषयांसाठी १५,००० पौंडांची योजना आहे. स्कॉटलंडने २०१८ मध्ये, नोकरी सोडून विज्ञान-गणिताचे शिक्षक होणाऱ्यांसाठी २०,००० पौंडांची बर्सरी सुरू केली.

एवढे पैसे कोणी उगाच देत नाही. २०२२-२३ मध्ये इंग्लंडला फिजिक्सचे जितके प्रशिक्षणार्थी हवे होते त्यांच्या १७ टक्केच मिळाले, आणि पुढच्या वर्षीही आकडा १७ टक्क्यांवरच राहिला. म्हणजे शंभर जागा आणि सतरा माणसे. उरलेले तास कोणीतरी घेतेच. बहुधा बायॉलॉजीची पदवी असलेली शिक्षिका रात्री जागून धडा तयार करते आणि सकाळी वर्गावर जाते. तिची मेहनत कमी नसते. पण फरक पडतो, आणि तो आपल्या मुलांच्या वहीत दिसतो.

माझ्याच विषयातले उदाहरण देतो. लिथियम पाण्यात टाकला तर तो शांतपणे फसफसतो, सोडियम वितळून गोळी होऊन पळत सुटतो. असे का? जीसीएसईचे उत्तर एका ओळीचे आहे : लिथियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्राच्या जवळ, म्हणून घट्ट धरलेला. मुलगा ते पाठ करतो. मग ए-लेव्हलला तो इलेक्ट्रोड पोटेन्शियलचा तक्ता बघतो, तर तिथे लिथियम सोडियमच्याही वर! हुशार मूल इथे अडते आणि हात वर करते. त्या वेळी 'परीक्षेला हे येत नाही' म्हणणारा शिक्षक वेगळा. 'ऊर्जा किती सुटते आणि क्रिया किती वेगाने होते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सोडियम ९८ अंशांना वितळतो म्हणून पाण्याला सतत नवा पृष्ठभाग मिळतो, लिथियमला वितळायला १८० अंश लागतात,' असे सांगणारा शिक्षक वेगळा. त्या एका उत्तरावर मूल विषयात राहते किंवा बाहेर पडते. आपण ट्यूशनवर इतके पौंड खर्च करतो ते पुष्कळदा अशा न मिळालेल्या उत्तरांसाठीच.

तेव्हा सरकारने पैसे द्यावेत ह्याबद्दल माझा वाद नाही. ते कसे दिले जातात ह्याबद्दल आहे.

पहिली गोष्ट, ह्या रकमेचा भरवसा नाही. सप्टेंबर २००० मध्ये प्रशिक्षणार्थींना ६,००० पौंड देण्याची पद्धत आली, आणि कमतरतेच्या विषयांना वर 'गोल्डन हॅलो' मिळू लागला. तेव्हापासून आकडा दरवर्षी बदलू शकतो. बायॉलॉजीचेच पाहा. २०२०-२१ मध्ये २६,००० पौंड, २०२१-२२ मध्ये एकदम ७,०००, मग १०,०००, २०,०००, २५,००० करत २०२५-२६ मध्ये पुन्हा २६,०००. एकाच घरातल्या दोन बहिणी एका वर्षाच्या अंतराने पदवीधर झाल्या असत्या तर एकीला दुसरीच्या पावपट मिळाले असते. उमेदवार जास्त आले की रक्कम कापायची, कमी आले की वाढवायची, असा हा मंडईतला भाव आहे. त्यावर कोणी आयुष्याचा बेत करू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पैसे दारात दिले जातात, घरात नाही. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार ३२,९१६ पौंडांपासून सुरू झाला. त्यातून कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी गेली की माझ्या हिशेबाने हातात पंचवीस हजारांच्या आसपास उरतात. विद्यार्थी कर्जाचा हप्ता असेल तर त्याहून कमी. म्हणजे शिकत असताना ३१,००० हातात, आणि खरेखुरे वर्ग घ्यायला लागल्यावर पंचवीस! (प्रशिक्षणाची २०२५-२६ ची ९,५३५ पौंड फी कर्ज न काढता खिशातून भरली तर चित्र बदलते, हेही खरे.) पुढे काय होते ते ठाऊकच आहे. इंग्लंडमध्ये नवे शिक्षक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पाच वर्षांच्या आत सरकारी शाळा सोडतात. तळाला भोक असलेल्या हंड्यात वरून कितीही कळशा ओतल्या तरी पाणी टिकायचे नाही. केमिस्ट्री, फिजिक्स, गणित, कॉम्प्युटिंगच्या शिक्षकांनी गरजू भागातल्या शाळेत काम केले तर पहिल्या पाच वर्षांत वर्षाला ६,००० पौंडांपर्यंत जादा देण्याची योजना अलीकडे आली. माझ्या मते खरी दिशा ती आहे. पहिल्या वर्षाचे दहा हजार कमी करून ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षात वाटले, आणि शिक्षकाच्या डोक्यावरचे कागदी काम हलके केले, तर त्याच पैशात जास्त माणसे टिकतील.

हे सगळे सांगूनही मी म्हणतो की आपल्या मुलांना ह्या वाटेवरून मागे ओढू नका. कारण आपली भीती बरीचशी तिकडची आहे, इकडची नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर राबतो. हे मानधन प्राथमिकला ६,००० आणि माध्यमिकला ८,००० रुपयांवर कित्येक वर्षे अडकून पडले होते; २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६,००० आणि १८,००० झाले. तिथे डी.एड., बी.एड. झालेल्यांची रांग लांब आणि जागा थोड्या. ज्या घरातल्या काकाने किंवा आत्याने हे सोसले आहे, त्या घराला मास्तरकी म्हणजे हलाखी वाटणे साहजिक आहे. पण इथे गणित उलटे आहे. इथे जागा मोकळ्या आहेत आणि माणसे नाहीत. लंडनबाहेरच्या मुख्य वेतनश्रेणीचे वरचे टोक सप्टेंबर २०२५ मध्ये ४५,३५२ पौंड होते, आणि जबाबदारी घेणाऱ्याला त्यापुढेही वाट आहे. शिवाय शिक्षकांच्या पेन्शनमध्ये एप्रिल २०२४ पासून शाळा पगाराच्या २८ टक्क्यांहून जास्त भर घालते. खाजगी लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या केमिस्टांनी आपल्या पेन्शनचा कागद काढून हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. विद्यापीठात दोन-दोन वर्षांच्या करारावर पोस्टडॉक करत फिरणाऱ्या पीएच.डी.वाल्यांनी तर जरूर पाहावा.

आता एक गोष्ट खास वहिनींसाठी. आपल्या मंडळात पुणे, नागपूर, कोल्हापूरकडून एम.एस्सी. बी.एड. होऊन आलेल्या, तिथे आठवी-दहावीचे वर्ग घेतलेल्या कितीतरी जणी आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणी इथे दुकानात किंवा ऑफिसात मिळेल ते काम करतात. १९६० च्या दशकात भारतातून आलेल्या अनेक शिक्षकांची पात्रता इथे मानली गेली नाही, आणि शिकवणारी माणसे कारखान्यात गेली. आता तशी स्थिती नाही. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांतल्या पात्र शिक्षकांना इंग्लंडच्या शिक्षण खात्याकडे थेट 'क्वालिफाइड टीचर स्टेटस'साठी अर्ज करता येतो. भारतीयांसाठी तो विज्ञान, गणित आणि भाषा ह्या विषयांपुरता आणि ११ ते १६ वयोगटापुरता आहे, म्हणजे ढोबळमानाने आपली सहावी ते दहावी. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण, किमान एका वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीची तयारी दाखवावी लागते. अर्जाला फी नाही. जुन्या मुख्याध्यापकांचा पत्ता आणि ईमेल शोधून ठेवा. अनुभवाला दुजोरा देणारे कोणीतरी लागते.

बर्सरीबाबत मात्र एक सावधगिरी. ती साधारणपणे इथले नागरिक किंवा कायम राहण्याची परवानगी असलेले, आणि कोर्सआधी तीन वर्षे ह्या देशात राहिलेले, ह्यांना मिळते. वर्क व्हिसावर असलेल्यांनी नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे. नियम बदलत असतात. कोणाच्या तोंडी सांगण्यावर, माझ्यासुद्धा, विसंबू नका.

आईवडील म्हणतील, "पैशाचे ठीक आहे हो, पण इथली मुले वर्गात ऐकतात कुठे? रात्री अकरापर्यंत वह्या तपासायच्या?" ह्यात तथ्य आहे. काम जड आहे, विशेषतः पहिली दोन वर्षे, आणि सगळ्यांना झेपेल असे नाही. त्यावर उपाय एकच : आधी पाहून या. सरकारच्या 'गेट इंटू टीचिंग' ह्या सेवेतून शाळेत दोन-चार दिवस जाऊन बसता येते, आणि सल्लागारही फुकट मिळतो. मागच्या बाकावर बसून पाचवा तास पाहिल्यावरही पोरीचे डोळे चमकत असतील तर तिला जाऊ द्या. आणि केवळ ३१,००० ऐकून ती निघाली असेल तर तिला थांबवा. नको असलेल्या कामाच्या मानाने ती रक्कम कमीच आहे.

शेवटी मंडळाला एक सूचना. आपल्या करिअर मार्गदर्शनाच्या दिवशी डॉक्टर, अकाउंटंट आणि आयटीवाले असतात. आपल्याच सभासदांत शाळेत शिकवणारेही आहेत. त्यांना आपण बोलावत नाही. ह्या वेळी एक टेबल त्यांचे असू द्या. त्यांना पगार विचारा, सुट्ट्या विचारा, नोकरी सोडावीशी कधी वाटली तेही विचारा. पुढच्या वर्षाच्या प्रशिक्षणाचे अर्ज ऑक्टोबरात सुरू होतात, तेव्हा हा कार्यक्रम सप्टेंबरात झाला तर बरे. खुर्च्या मांडायला मी येतो.

आपला,
मंडळाचा एक कार्यकर्ता