फतेउल्लाचे गोत्र पुरे, जमीन सांगा!

अचलपुरात पाहुणा आला की त्याला हौज कटोरा दाखवण्याची आमची चाल आहे. आणि तेथे एक प्रश्न हमखास निघतो: ‘‘इमादशाहीचा मूळपुरुष ब्राह्मण होता म्हणे?’’

होता, असे फिरिश्ता लिहितो. फतेउल्ला हा विजयनगरच्या मुलखातला. पोरवयात लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि पुढे इमाद-उल्-मुल्क होऊन वऱ्हाडचाच सुभेदार झाला. हे ऐकून एक गृहस्थ हळहळतात, दुसरे मिशीला पीळ देतात. मला दोघांचाही वीट आला आहे. या माणसाने वऱ्हाड मुठीत ठेवले कसे, हे विचारायचे सोडून त्याची मुंज झाली होती की नाही याची चौकशी!

वाचकहो, सरदार ओळखावा तो त्याच्या ताब्यातल्या मुलखावरून. तरफ म्हणजे वडिलोपार्जित वतन नव्हे. सुलतानाने मुलूख तोडून द्यावा, सरदाराने त्याच्या वसुलातून फौज पोसावी, असा तो व्यवहार. म्हणजे घोड्यांची वैरण अखेर पूर्णाकाठच्या काळ्या रानातूनच निघणार! मुलूख मोठा तर फौज मोठी, आणि फौज मोठी तर सुलतानाची झोप उडालेली.

हे दुखणे महमूद गवानाने ओळखले. राज्याच्या चार तरफांच्या त्याने आठ केल्या, जमिनी मोजल्या, काही मुलूख खालसा केला आणि तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे पडले. गाविल फतेउल्लाकडे राहिले, माहूर खुदावंदखान हबशाकडे गेले. इंग्लंडच्या विल्यम राजाने 1086 साली गावोगावचे नांगर मोजून कोणाकडे किती जमीन आहे ते लिहून घेतले होते. गवानाचे डोके त्याच जातीचे. आमच्या मुलांना विल्यम ठाऊक असतो, गवानाची मोजणी नसते!

1481 साली एका बनावट पत्रावरून गवानाचा शिरच्छेद झाला आणि सरदारांचा लगाम तुटला. 1488 साली फतेउल्लाने गाविलगडाची डागडुजी केली. 1490 साली तो स्वतंत्र झाला. एक किल्ला त्याला पुरला. त्याची हुशारी शोधायची तर ती इथे, आणि धन्याशी केलेली बेइमानी शोधायची तीही इथेच.

गोत्रवाल्यांनी आता पाथरीची हकीकत ऐकावी. निजामशाहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण. पाथरी मात्र इमादशाहीत. अहमदनगरकरांनी तिच्या बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. फतेउल्लाचा मुलगा अल्लाउद्दीन बधला नाही. तेव्हा 1518 साली त्यांनी ती लढून घेतली. दोन्ही घराणी मूळची ब्राह्मण, पण त्यापायी एक तलवार तरी म्यानात राहिली काय?

1574 साली मुर्तजा निजामशाहाने सारे वऱ्हाड गिळले. 1596 साली ते अकबराकडे गेले. इतक्या वेळा धनी बदलले, पण कुणब्याला कोणी गोत्र विचारले नाही. त्याला विचारले ते एवढेच: सारा किती आणि केव्हा भरतोस?