डॉनची ताकद मोजायची कशाने?

'फोर्ब्ज' या अमेरिकी नियतकालिकाने २००९ मध्ये जगातील सर्वांत सामर्थ्यवान व्यक्तींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. तीत एकूण ६७ नावे होती. राष्ट्राध्यक्ष, मध्यवर्ती बँकांचे प्रमुख आणि बडे उद्योगपती यांच्या पंगतीत ४१ व्या स्थानावर मेक्सिकोतील अमली पदार्थांचा व्यापारी होआकिन 'एल चापो' गुझमान होता. आणि ५० व्या स्थानावर दाऊद इब्राहिम कासकर. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात मूळ असलेला, मुंबई पोलिस दलातील एका हवालदाराचा हा मुलगा अशा यादीत जाऊन बसला, याचा तेव्हा अनेकांना धक्का बसला. काहींना, कबूल करायला हवे, त्याचे छुपे अप्रूपही वाटले. परंतु अशा क्रमवारीतून एक मूलभूत प्रश्न अनुत्तरितच राहतो. गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्याचे सामर्थ्य मोजायचे ते नेमके कशाने? त्याच्या पैशाने, बंदुकांनी, की त्याच्यापुढे झुकणाऱ्या माणसांच्या संख्येने?

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना परका नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जी स्फोटमालिका झाली, तीत विलेपार्ल्याच्या दोन्ही अंगांना बॉम्ब फुटले होते. पश्चिमेला जुहूचे सेंटॉर हॉटेल आणि पूर्वेला विमानतळालगतचे सेंटॉर हॉटेल. सहार विमानतळावर हातबॉम्ब टाकण्यात आले, ते वेगळेच. त्या एका दुपारी शहरात २५७ माणसे प्राणास मुकली. टोळीयुद्ध म्हणजे डोंगरी, नागपाडा नाहीतर दगडी चाळ, आपल्या नाट्यगृहांच्या आणि शाळा-महाविद्यालयांच्या वस्तीशी त्याचा काय संबंध, अशी पार्लेकर मध्यमवर्गाची जी समजूत होती, ती त्या दिवशी कायमची मोडली.

राज्याला ललकारणारे आणि राज्य विकत घेणारे

जगातील बड्या टोळीप्रमुखांकडे पाहिले, तर त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार राज्यसंस्थेला उघड ललकारणाऱ्यांचा. कोलंबियातील पाब्लो एस्कोबार हे त्याचे ठळक उदाहरण. १९८४ मध्ये त्या देशाचे न्यायमंत्री रॉद्रिगो लारा बोनिया आणि १९८९ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार लुइस कार्लोस गालान यांची हत्या झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आव्हियान्का कंपनीचे प्रवासी विमान बॉम्बने उडवण्यात आले. आपल्याला अमेरिकेच्या हवाली करू नये, एवढी एकच मागणी या साऱ्याच्या मुळाशी होती. १९९१ च्या नव्या राज्यघटनेत कोलंबियाने आपल्या नागरिकांच्या प्रत्यार्पणावर बंदी घातली आणि मगच एस्कोबार 'शरण' आला, तोही स्वतःच्या सोयीने बांधलेल्या तुरुंगात. एका देशाची राज्यघटना वाकवण्याइतके सामर्थ्य! तरीही डिसेंबर १९९३ मध्ये मेदेयिन शहरात घराच्या छपरावरून पळताना तो गोळ्यांना बळी पडला.

सिसिलीतील साल्वातोरे रिइना याच जातकुळीचा. मे १९९२ मध्ये न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि अवघ्या दोन महिन्यांत त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेलिनो यांना माफियाने स्फोटात ठार केले. यामुळे न्यायव्यवस्था हादरेल, ही रिइनाची अटकळ साफ चुकली. लोक रस्त्यावर उतरले, सरकारला जाग आली आणि २३ वर्षे फरारी असलेला रिइना जानेवारी १९९३ मध्ये पालेर्मोतच पकडला गेला. २०१७ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तो कैदेत असतानाच. राज्यसंस्थेच्या छातीवर पाय ठेवणारा टोळीप्रमुख सर्वांत भयंकर दिसतो. पण बहुधा त्याचा अंतही लवकर होतो. त्याने राज्यासमोर दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो.

मुंबईचे 'भाई' प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात मोडतात. राज्य उलथवण्यापेक्षा ते तुकड्यातुकड्यांनी विकत घेणे त्यांनी पसंत केले. सप्टेंबर १९९२ मधील जे. जे. रुग्णालयातील गोळीबारात पहाऱ्यावरचे पोलिस मारले गेले, यासारखे प्रसंग घडले; पण नित्याचा मार्ग हप्त्याचा होता. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरले, ते कोणतीही चौकी उद्ध्वस्त करून नव्हे. सोन्या-चांदीच्या तस्करीसाठी वर्षानुवर्षे मळलेली वाट तयारच होती. या खटल्यात सीमाशुल्क खात्यातील अधिकारी आणि पोलिसही दोषी ठरले, हा तपशील आज फारसा कोणी आठवत नाही. चांदी म्हणून डोळेझाक केलेल्या वाटेवरून मृत्यू आला. स्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवले; तो अहवाल १९९५ मध्ये संसदेत मांडला गेला आणि यथावकाश विस्मरणातही गेला.

डॉन जन्मत नाही, घडवला जातो

माफियाचा अभ्यास करणारे इटालियन समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेत्ता यांनी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते माफिया हा मुळात खासगी संरक्षणाचा धंदा आहे. जेथे राज्य विश्वास पुरवू शकत नाही, तेथे तो विकणारा कोणीतरी उभा राहतो. मुंबईचा इतिहास याची साक्ष देतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हातभट्टीचे साम्राज्य उभे राहिले. वरदराजन मुदलियार त्यावरच मोठा झाला. साठच्या दशकात सोन्यावर नियंत्रण आले आणि हाजी मस्तानसारख्यांना सुवर्णसंधी मिळाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, पण न्यायालयात दावे पिढ्यान् पिढ्या रखडले आणि जागा रिकामी करून देणारे 'सेटलमेंट'वाले निपजले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरांवर नांगर फिरला, आणि त्यातल्या काही घरांतील तरुण मुले टोळ्यांना आयती मिळाली. पुढे गिरण्यांच्या जमिनीलाच सोन्याचा भाव आला, तेव्हा खंडणी आणि सुपारी यांचे नवे पर्व सुरू झाले.

याचाच व्यत्यास असा, की राज्याने धोरण बदलले तेव्हा डॉनचे बळही घटले. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि त्यानंतर आयातीचे दार किलकिले झाले, तशी जुनी तस्करी ओसरली. चित्रपटसृष्टीला १९९८ मध्ये उद्योगाचा दर्जा जाहीर झाला व कालांतराने बँकांचे कर्ज मिळू लागले. काळ्या पैशाला पर्याय उभा राहिला. हा दर्जा मिळण्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९९७ मध्ये, अंधेरीत देवळाबाहेर गुलशनकुमार यांची हत्या झाली होती, हे विसरता येणार नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्राने 'मोक्का' हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा केला. उलट, सोन्यावरचे आयात शुल्क २०१३ मध्ये दहा टक्क्यांवर गेले, तेव्हा पार्ल्याच्या वेशीवरील विमानतळावर तस्करीचे सोने पुन्हा मोठ्या प्रमाणावर सापडू लागले. जुलै २०२४ मध्ये ते शुल्क १५ वरून सहा टक्क्यांवर आणताना सरकारला हे गणित ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही.

लिलावातील बोली हाच मापदंड

मग दाऊदचे सामर्थ्य मोजायचे कसे? अब्जावधी डॉलरचे आकडे वर्तमानपत्रांतून फिरतात. त्यांचा ताळेबंद कोणी पाहिलेला नाही. त्यापेक्षा एक साधे आणि सर्वांसमक्ष घडलेले मोजमाप उपलब्ध आहे. त्याच्या मुंबईतील मालमत्तांचा सरकारने २००० मध्ये लिलाव पुकारला, तेव्हा बोली लावायला कोणी पुढे आले नाही. मालक परदेशी पळालेला, मालमत्ता कायद्याने सरकारजमा झालेली. तरीही कोट्यवधींची जागा घेण्याची कोणाची छाती होईना. २०१७ मध्ये चित्र पालटले. भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणाऱ्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने तीन मालमत्ता ११ कोटी ५८ लाख रुपयांना घेतल्या. जानेवारी २०२४ मध्ये तर खेड तालुक्यातील मुंबके गावच्या, पंधरा हजारांच्या आसपास राखीव किंमत असलेल्या जमिनीच्या एका तुकड्याला दोन कोटींहून अधिक बोली आली. सतरा वर्षांत भीतीचा भाव उतरला आणि जमिनीचा चढला. 'फोर्ब्ज'च्या यादीपेक्षा हा मापदंड अधिक विश्वासार्ह नव्हे काय?

अर्थात, भीती ओसरली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. येथे तिसरी कसोटी लागते, ती आश्रयाची. एस्कोबारला शेवटी कोणताही देश आपला म्हणेना. एल चापो दोनदा तुरुंगातून निसटला. पण २०१७ मध्ये मेक्सिकोने त्याला अमेरिकेच्या हवाली केले आणि २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली. छोटा राजनलाही २०१५ मध्ये बालीत अटक होऊन भारतात आणले गेले. दाऊदचे तसे नाही. अमेरिकेने आणि पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये त्याला दहशतवाद्यांच्या यादीत घातले. ऑगस्ट २०२० मध्ये पाकिस्तानच्याच एका अधिसूचनेत कराचीतील पत्त्यांसह त्याचे नाव झळकले आणि लगेच तेथील परराष्ट्र खात्याने ते झटकलेही. राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०२२ मध्ये त्याच्या डोक्यावर २५ लाखांचे इनाम लावले. पार्ल्यात एका खोलीचे घरही या पैशांत येणार नाही! ज्याला एखादे राष्ट्रच पोटाशी धरते, त्याचे सामर्थ्य त्याचे स्वतःचे उरत नाही, ते उसने असते. आणि उसने देणारा हिशेबही आपल्याच सोयीने ठेवतो.

चकमकी की न्यायालय?

राज्याने टोळ्यांना उत्तर कसे दिले, हेही तपासून पाहिले पाहिजे. जपानने १९९२ मध्ये याकुझाविरोधी कायदा लागू केला आणि २०११ पर्यंत देशभरातील प्रांतांनी या टोळ्यांशी व्यवहार करण्यावरच निर्बंध आणले. बँकेतले खाते, भाड्याचे घर, मोबाइलचे कंत्राट सारेच अवघड झाले. साठच्या दशकात दीड लाखाच्या वर असलेली त्यांची संख्या आता २० हजारांच्या आत आली आहे. इटलीने १९८२ मध्ये माफियाचे सदस्यत्व हाच गुन्हा ठरवला, शेकडो आरोपींचा महाखटला चालवला आणि १९९६ च्या कायद्याने जप्त मालमत्ता समाजोपयोगी कामांना देण्याचा मार्ग खुला केला. १९९१ मध्ये हप्ता नाकारल्याबद्दल लिबेरो ग्रासी या उद्योजकाचा पालेर्मोत खून झाला. पुढे २००४ मध्ये त्याच शहरात 'हप्त्याला रामराम' या अर्थाचे नाव घेऊन तरुणांची संघटना उभी राहिली आणि दुकानदार एकत्र येऊन नकार देऊ लागले.

मुंबईने निवडला तो चकमकींचा जवळचा रस्ता. शेकडो गुंड मारले गेले, टाळ्या पडल्या, चकमकफेम अधिकाऱ्यांवर चित्रपट निघाले. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत आपला सुशिक्षित मध्यमवर्ग आघाडीवर होता. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्यात झालेली लखनभैयाची 'चकमक' बनावट असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले, २०१३ मध्ये पोलिसांना जन्मठेप झाली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरवले, तेव्हा या रस्त्याची किंमत कळली. खटल्याविना मारलेला गुंड आपल्या पाठीराख्यांची नावे सोबत घेऊन जातो. सिसिलीत साक्षीदार बोलू लागले म्हणून माफिया उघडा पडला; आपल्याकडे बोलू शकणारी तोंडेच बंद झाली.

आज जुने डॉन म्हातारे झाले आहेत. दगडी चाळीतून २००४ मध्ये विधानसभेत पोहोचलेला अरुण गवळी नगरसेवकाच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगून २०२५ मध्ये जामिनावर बाहेर आला. मात्र पोकळी फार काळ रिकामी राहत नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली आणि पोलिस तपासाचे बोट गेले ते बिष्णोई टोळीकडे, जिचा म्होरक्या तेव्हा गुजरातेतील साबरमती तुरुंगात होता. ना मुंबईत घर, ना मोहल्ला, ना अड्डा. मोबाइलवरून नेमलेली पोरे आणि समाजमाध्यमावरची एक धमकी एवढेच भांडवल. याचाच अर्थ, भिंतीआड कोंडूनही सामर्थ्य संपत नाही, जोवर ती भिंत आतून पोखरता येते.

तेव्हा कोणता डॉन जगात कितव्या क्रमांकावर, हा प्रश्न चघळण्यापुरता ठीक आहे. नागरिकाने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. जागेचा दावा किती वर्षांत निकाली निघतो? साक्षीदाराला संरक्षण मिळते का? इमारतीच्या पुनर्विकासात बिल्डरबरोबर बैठकीला येणारा अनोळखी 'हितचिंतक' नेमका कोण, हे विचारण्याचे धैर्य सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एका तरी सभासदाकडे आहे का? डॉनचे सामर्थ्य या प्रश्नांच्या उत्तरांत दडलेले असते. ही उत्तरे जितकी पोकळ, तितका तो बलवान.