बाळंतिणीच्या मनाचा रकाना

मोहर्लीला लोक वाघ पाहायला जातात. चंद्रपूरहून तिसेक किलोमीटरवर, इरई धरणाच्या पाण्याजवळ वसलेले हे गाव म्हणजे ताडोब्याचे एक गजबजलेले प्रवेशद्वार. गेल्या उन्हाळ्यात घरच्या पाहुण्यांबरोबर मीही गेलो होतो. पहाटे सगळी मंडळी जिप्सीत बसून जंगलात गेली. माझे गुडघे कुरकुरत असल्याने मी चहाच्या टपरीवर मागे राहिलो. तिथेच एका आशाताईची गाठ पडली. पिशवीत बाळाचे वजन करायचा झोळीचा काटा, थर्मामीटर आणि कागदांचा गठ्ठा. एका ओल्या बाळंतिणीकडे चौदाव्या दिवसाची भेट द्यायला ती निघाली होती.

आयुष्यभर बँकेत रजिस्टरे तपासलेल्या माणसाला कागद दिसला की रकाने वाचल्याशिवाय राहवत नाही. मी तिच्याकडचा एक कोरा फॉर्म मागून घेतला. बाळाचे वजन, ताप, श्वास, दूध ओढतो की नाही, सगळे नीट विचारलेले. आईचेही होते : ताप आहे का, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाते का, दूध येते का. आणि एक प्रश्न असा की, आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का?

‘‘आणि ती नुसतीच गप्प बसत असेल तर?’’ मी विचारले.

‘‘त्याचा रकाना नाही जी, काकाजी,’’ ती म्हणाली आणि सायकलला टांग मारून निघून गेली.

तिचे ते उत्तर घेऊन मी परतलो. मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. नव्वदच्या दशकात मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. आमच्याकडची एक लिपिक बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली. पूर्वी हिशेबात पैशाचाही फरक न येऊ देणारी ही मुलगी आता रोज चुका करू लागली. संध्याकाळी टॅली जुळेना. विचारले तर डोळ्यांत पाणी. ‘लक्ष कुठे असते तुमचे?’ असे मी चारचौघांत म्हणालो, आणि पुढे एक मेमोही दिला. काही महिन्यांनी तिने राजीनामा दिला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा हसून म्हणाली, ‘‘साहेब, तेव्हा मला बाळाला हातात घ्यायचीसुद्धा भीती वाटायची. कोणाला सांगणार?’’ कादंबऱ्यांतून माणसांची मने उलगडून दाखवण्याचा आव आणणाऱ्या मला माझ्याच काउंटरवरचे मन वाचता आले नव्हते.

आपल्याकडे बाळंतिणीची काळजी घेत नाहीत असे कोण म्हणेल? डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, तेलाचे मालीश, सवा महिना विसावा. पण हे सारे शरीराचे. मनाचे विचाराल तर ‘इतके गोजिरवाणे बाळ झाले, आता रडायला काय झाले?’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. फारच झाले तर कोणाची तरी नजर लागलेली असते.

वैद्यकशास्त्र इथे तीन गोष्टी वेगळ्या करते आणि प्रत्येक घराने त्या समजून घ्याव्यात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे, चिडचिड होणे, हे पुष्कळ जणींना होते आणि दोनएक आठवड्यांत ओसरते. तिथे विश्रांती आणि मायेचा हात पुरतो. पण उदासी दोन आठवड्यांपुढे टिकली, बाळ झोपले तरी झोप येईना, अन्न गोड लागेना, ‘मी नालायक आई आहे’ असे वाटू लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिसरी अवस्था विरळा, हजारात एखाद-दुसरीला होणारी. भास होणे, भलतेसलते बोलणे, रात्र-रात्र जागणे. ही मात्र तातडीने रुग्णालयात न्यायची वेळ. आशाताईच्या फॉर्मातला तो प्रश्न या तिसरीला पकडतो. मधली, जी कितीतरी अधिक घरांत असते, ती निसटते.

किती घरांत? शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ मातांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्के मातांना, नैराश्य आढळले. त्यातल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण ही कारणे होतीच. मुलगी झाली, हेही एक कारण होते. पुढे २०१७ मध्ये देशभरातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही आकडा २२ टक्के आला. म्हणजे साधारण पाचातली एक.

आता मोहर्लीसारख्या गावातली गर्भारशी डोळ्यांपुढे आणा. घरची कमाई सफारीवर असेल, तर जुलै ते सप्टेंबर कोअर जंगल बंद आणि कमाईला ओहोटी. मोहफुले, तेंदूपाने वेचायला जावे तर जिवाची भीती. २०२५ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. ज्या वाघासाठी आपण तिकीट काढतो, त्याच्या शेजारी ती दिवस काढते. ती ‘डिप्रेशन’ म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘करमत नाही’, ‘जीव घाबरते’. ऐकणाऱ्याला ते कळले पाहिजे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पैसे खात्यात जमा होतात, हे बँकवाल्याला कौतुकाचे. पण ज्या घरात दुसऱ्या मुलीमुळे सासूने तोंड फिरवले, तिथल्या आईला नुसत्या सहा हजारांनी करमेल का?

उपाय दूर नाही. मोहर्लीहून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर गडचिरोली आहे. १९८२ पर्यंत तो चंद्रपूरचाच भाग होता. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले आणि २०११ पासून ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा ४२ दिवसांत सहा वेळा जाते. म्हणजे दार सहा वेळा उघडतेच. मग दोन प्रश्न वाढवायला काय हरकत आहे? गेल्या महिन्याभरात मन सारखे उदास असते का? कशातच गोडी वाटत नाही असे होते का? जगात अनेक ठिकाणी प्राथमिक चाचणीत असेच दोन प्रश्न विचारतात.

मात्र प्रश्न विचारला तर उत्तराची सोयही हवी. गोव्यात साध्या बायकांना शिकवून खचलेल्या गर्भवतींशी बोलायला पाठवले, तेव्हा बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक दिसले. तो अहवाल २०१९ चा आहे. अधिक आजारी असेल तिच्यासाठी जिल्ह्यात मानसोपचाराची व्यवस्था हवी आणि तिथे पोचायला वाहनही. आणि हे काम आशांवर फुकटात लादू नये. मानधनासाठी त्यांना २०२३-२४ मध्ये संप करावा लागला होता, हे विसरून चालणार नाही.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे जंगलातले दुखणे. माझी लिपिक शहरातलीच होती. तेव्हा घरात गर्भारशी वा बाळंतीण असेल तर बाळाआधी तिला विचारा, ‘तू कशी आहेस?’ उत्तर ऐकताना सल्ला देऊ नका. रात्रीचे एक-दोन तास बाळ नवऱ्याने सांभाळावे, तिला सलग झोप मिळू द्यावी. उदासी दोन आठवड्यांहून अधिक राहिली तर डॉक्टरांकडे न्या. दूध पाजतानाही घेता येतील अशी औषधे असतात. आधीपासून चालू असलेली मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला क्षणभरही एकटी ठेवू नका आणि तडक रुग्णालय गाठा.

त्या सकाळी पाहुणे वाघ पाहून खुशीत परतले. मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही, की टपरीवर बसून मी काय पाहिले. आज सांगितले. त्या मुलीला दिलेला मेमो आता परत घेता येत नाही. तुमच्या घरातला किंवा कचेरीतला मेमो अजून लिहिला गेला नसेल, तर लिहिण्याआधी एकदा तिच्याजवळ बसा.